देहाची खातेवही आणि कार्बनची नळी

दिवाळीच्या पाडव्याला नवी वही उघडण्यापूर्वी जुन्या वहीतील खाती मिळवून घेण्याची रीत व्यापारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. माल दुकानात आला, एवढे लिहून वही पुरी होत नाही. तो विकला गेला, परत गेला की गोदामात पडून राहिला, याची नोंद झाल्यावरच ते खाते मिटते. ज्या मालाची आवक आहे पण जावक सापडत नाही, त्याच्यासाठी दिवाणजी रात्र जागवितो. वैद्यकशास्त्रही याच शिस्तीने चालते. शरीरात घातलेली वस्तू आपले काम करून पुढे कोठे जाते, या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत ती कितीही गुणकारी भासली तरी तिला औषधाचा दर्जा मिळत नाही. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची, म्हणजे कार्बन नॅनोट्यूबची, वैद्यकातील कथा ही अशाच एका अद्याप न मिटलेल्या खात्याची कथा आहे.

पनवेलकरांना ही कथा परकी नाही. पनवेल तालुक्यातील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोगावरील उपचार, संशोधन आणि शिक्षण यांसाठीची संस्था आहे. तिचे मूळ १९५२ साली परळ येथे स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्या केंद्राचे पहिले संचालक. २००२ साली हे संशोधनकार्य खारघरच्या डोंगरपायथ्याशी आले. आज देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण तेथे येतात, आणि गावाकडून आलेल्या एखाद्या आप्ताला सोबत म्हणून पनवेलच्या पेढीवरील माणसालाही दुकान मुनिमावर सोपवून त्या वाटेने जावे लागते.

घरात कर्करोगाचे निदान झाले की सल्ल्यांना तोटा राहत नाही. त्यांत अलीकडे ‘नॅनो’ हा शब्द वारंवार ऐकू येतो. नॅनो कॅप्सूल, नॅनो कार्बन, थेट गाठीवर जाऊन पोहोचणारे औषध, अशी वर्णने मोबाइलवर फिरत राहतात. भयाने व्याकूळ झालेले कुटुंब अशा वेळी भाव विचारीत नाही. म्हणूनच या शब्दामागे खरोखर कोणता माल आहे आणि कोणता नाही, हे शांत मनःस्थितीत असतानाच समजून घेणे हिताचे ठरते.

कार्बन हे मूलद्रव्य कोणालाही अपरिचित नाही. चुलीतील कोळसा, शिसपेन्सिलीतील ग्राफाइट आणि झवेऱ्याच्या पुडीतील हिरा ही एकाच द्रव्याची तीन रूपे. अणू तेच, त्यांची मांडणी तेवढी वेगळी. ग्राफाइटच्या एका थरात हे अणू, जमिनीवर षट्‌कोनी फरशा बसवाव्यात तसे, एकमेकांना जोडून बसलेले असतात. असा एकच थर सुरळीप्रमाणे गुंडाळून त्याच्या कडा जोडल्या, तर जी पोकळ नळी तयार होईल, तीच कार्बन नॅनोट्यूब होय. नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एकपदरी नळीची जाडी सुमारे १ नॅनोमीटर असते; माणसाचा केस तिच्याहून हजारो पटींनी जाड. एकात एक अशा अनेक नळ्या बसलेल्या असतील तर तिला बहुपदरी नळी म्हणतात. लांबी मात्र जाडीच्या हजारो पट असू शकते. ही नळी वजनाने हलकी, ताणाला पोलादाहून कणखर आणि वीज व उष्णता यांची उत्तम वाहक असते. जपानमधील सुमिओ इइजिमा यांनी १९९१ साली या नळ्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांचा अभ्यास सुरू झाला.

महाराष्ट्राचे या शास्त्राशी असलेले नाते एका अत्यंत घरगुती पदार्थातून जुळले आहे. तो पदार्थ म्हणजे कापूर. कापराच्या रेणूत कार्बनचे दहा अणू असतात. पवईच्या आय.आय.टी.मध्ये डॉ. महेश्वर शेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापरापासून फुलरीन, म्हणजे चेंडूच्या आकाराचे कार्बनचे रेणू, मिळविल्याचे १९९४ साली प्रसिद्ध केले. १९९८ साली कापरापासूनच बनविलेल्या कार्बनच्या सच्छिद्र सूक्ष्म मण्यांवर त्यांचा निबंध आला, त्यावर इइजिमा यांचेही नाव सहलेखक म्हणून होते. पुढे जपानमधील नागोया येथे मुकुल कुमार आणि योशिनोरी आंदो यांनी याच कापरापासून मोठ्या प्रमाणावर नॅनोट्यूब बनविण्याची रीत विकसित केली. खनिज तेलातून मिळणाऱ्या वायूंऐवजी झाडापासून मिळणारे द्रव्य वापरता येते, हे यातून सिद्ध झाले.

शेरॉन आणि त्यांच्या पत्नी डॉ. माधुरी शेरॉन यांनी हे काम पुढे अंबरनाथ आणि सोलापूर येथील महाविद्यालयांत रुजविले. अंबरनाथच्या केंद्रातून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात शिंगाड्याच्या सालीपासून कार्बनचे प्रकाशणारे सूक्ष्म कण बनविल्याचे वर्णन आहे. हे कण नळीच्या आकाराचे नसले तरी कुळ तेच. सोलापूरचे केंद्र वालचंद महाविद्यालयाच्या छत्राखाली उभे राहिले. ज्या वालचंद हिराचंद यांचे नाव त्या महाविद्यालयास आहे, ते याच गावच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मले आणि जहाजे, विमाने व मोटारी यांचे कारखाने काढण्याचे धाडस त्यांनी पारतंत्र्यात केले. नव्या शास्त्राकडे पाठ फिरविणे ही व्यापारी परंपरा नाही, याची आठवण त्या नावातून सहज होते.

येथे एक खुलासा मात्र अवश्य केला पाहिजे. कापरापासून नळ्या बनतात याचा अर्थ कापूर किंवा त्याची काजळी औषधी आहे, असा मुळीच नाही. या नळ्या बंद भट्टीत, नियंत्रित तापमानात, धातूच्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने घडतात. कापूर पोटात गेल्यास विषबाधा होते, हेही लक्षात ठेवावे.

या नळीने वैद्यांना भुरळ का घातली? पहिले कारण वाहतुकीचे. कर्करोगावरील बहुतेक जुनी औषधे रक्तावाटे साऱ्या शरीरात पसरतात. रोगी पेशींबरोबर निरोगी पेशीही मरतात. केस गळतात, तोंड येते, रक्तातील पेशी घटतात. औषध जर एखाद्या वाहनात भरून थेट गाठीपर्यंत नेता आले, तर हा अपव्यय टळेल. नॅनोट्यूबची बाजू तिच्या आकाराच्या मानाने फार विस्तीर्ण असते, त्यामुळे तिच्यावर औषधाचे पुष्कळ रेणू चिकटवता येतात. शिवाय ती पेशीचे आवरण ओलांडून आत जाऊ शकते. नुसती नळी पाण्यात मिसळत नाही, तिच्या गुठळ्या होतात. म्हणून आम्लाची प्रक्रिया करून तिचे तुकडे करतात आणि तिच्यावर पाण्यात मिसळणाऱ्या द्रव्याचा लेप चढवितात.

दुसरे कारण उष्णतेचे. डोळ्यांना न दिसणारा, लाल रंगापलीकडचा एक प्रकाश माणसाच्या मांसातून थोडा आतपर्यंत जातो आणि वाटेत फारशी इजा करीत नाही. नॅनोट्यूब मात्र तो प्रकाश शोषून घेते आणि तापते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील होंगजी दाई यांच्या चमूने २००५ साली काचपात्रातील पेशींवर हा प्रयोग केला. अनेक कर्करोगी पेशींच्या पृष्ठभागावर फोलेट हे जीवनसत्त्व पकडणारे ग्राहक अधिक असतात. नळ्यांना फोलेट जोडल्यावर त्या अशा पेशींतच शिरल्या, आणि प्रकाश टाकताच त्याच पेशी मेल्या; शेजारच्या निरोगी पेशी वाचल्या. २००८ साली याच चमूने पॅक्लिटॅक्सेल हे प्रचलित औषध नळ्यांना जोडून उंदरांना दिले, तेव्हा गाठींची वाढ नेहमीच्या औषधापेक्षा अधिक रोखली गेली.

येथपर्यंत आवकेची बाजू भरभरून लिहिली गेली. जावकेचा प्रश्न त्याच वर्षी उभा राहिला.

एडिंबरोतील केन डोनाल्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली लांब, ताठ बहुपदरी नळ्या उंदरांच्या पोटाच्या पोकळीत सोडून पाहिल्या. तेथील आवरणावर त्यांना जी सूज आणि जे व्रण आढळले, ते ॲस्बेस्टॉसच्या लांब तंतूंमुळे होणाऱ्या विकृतीसारखेच होते. कारण सहज समजण्याजोगे आहे. शरीरात परकी वस्तू शिरली की भक्षक पेशी तिला गिळून नाहीशी करतात. परंतु तंतू पेशीहूनही लांब असेल तर ती त्याला पुरता गिळू शकत नाही. अर्धवट गिळलेल्या घासासारखा तो अडकून राहतो, पेशी दाहक रसायने ओकीत राहते, आणि ती जखम कधीच भरत नाही. आखूड किंवा गुंडाळलेल्या नळ्यांनी तसा परिणाम केला नाही, हेही त्याच निबंधात नमूद आहे.

ॲस्बेस्टॉसचे नाव व्यापाऱ्याला ठाऊक असते. छपराचे सिमेंटचे पत्रे, बाष्पकांची आवरणे, गाड्यांचे ब्रेक यांत हे खनिज दशकानुदशके वापरले गेले. न जळणारे, न कुजणारे, स्वस्त आणि मजबूत असे ते होते. त्याचा तंतू फुप्फुसात गेला तर कर्करोग तीस-चाळीस वर्षांनीही प्रकट होऊ शकतो, हे कळेपर्यंत असंख्य कामगार तो श्वासावाटे घेऊन चुकले होते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणी असा आदेश दिला, की मालकाने प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामास लागल्यापासून किमान ४० वर्षे अथवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपून ठेवावी. ज्या मालाची जावक चाळीस वर्षांनी उलगडते, त्याची वहीही तितकी वर्षे उघडी ठेवावी लागते. न झिजण्याचा जो गुण छपरावर भूषण ठरतो, तोच देहात दोष होतो.

नॅनोट्यूबच्या बाबतीत जगाने ही चूक पुन्हा होऊ नये म्हणून काही पावले वेळेवर उचलली. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेने २०१३ साली कारखान्यातील हवेत या नळ्यांचे प्रमाण दर घनमीटरमागे १ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ साली एका विशिष्ट प्रकारच्या बहुपदरी नळीला ‘माणसात कर्करोग निर्माण करण्याची शक्यता असलेली’ या वर्गात घातले. इतर प्रकारांविषयी पुरावा अपुरा असल्याचे नोंदविले. म्हणजे सर्व नळ्या घातक आहेत असेही नाही, आणि सर्व निर्धोक आहेत असेही नाही. लांबी, ताठपणा, वरचा लेप आणि आत राहिलेला उत्प्रेरक धातू यांवर प्रत्येक मालाचा गुणदोष ठरतो.

जावकेच्या काही नोंदी मिळूही लागल्या आहेत. स्टॅनफर्डच्याच संशोधकांनी उत्तम लेप दिलेल्या एकपदरी नळ्या उंदरांच्या शिरेत सोडल्या, तेव्हा त्या बहुतांशी पित्तावाटे व मलावाटे सुमारे दोन महिन्यांत बाहेर पडताना दिसल्या. २०१० साली व्हॅलेरियन कागन व सहकाऱ्यांनी दाखविले, की रक्तातील एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींत असलेले विकर या नळ्यांचे विघटन करू शकते. या आशादायक नोंदी आहेत. पण एखाद्या प्रजातीतील, एखाद्या प्रकारच्या नळीविषयीच्या. माणसाच्या देहातील खाते त्यांनी मिटत नाही.

म्हणूनच नॅनो औषधांपैकी जी बाजारात पोहोचली, त्यांचे वाहन कशाचे आहे हे पाहणे उद्बोधक ठरते. १९९५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या औषधात डॉक्सोरुबिसिन हे द्रव्य स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म फुग्यात भरलेले आहे. २००५ साली मान्य झालेल्या दुसऱ्या औषधात पॅक्लिटॅक्सेल हे अल्ब्युमिन या रक्तातीलच प्रथिनाला जोडलेले आहे. स्निग्धांश आणि प्रथिन यांची विल्हेवाट कशी लावायची, हे देहाला जन्मतःच ठाऊक असते. वाहन स्वतःच विरघळून जाते, खाते मिटते.

खारघरचा उल्लेख येथे पुन्हा करावयास हवा. ॲक्ट्रेकमधील डॉ. अभिजित दे आणि पवईच्या आय.आय.टी.तील डॉ. रोहित श्रीवास्तव यांच्या चमूंनी मिळून २०१५ साली एक महत्त्वाचे काम प्रसिद्ध केले. प्रकाशाने तापून गाठ जाळण्याची कल्पना तीच, परंतु वाहन कार्बनच्या नळीचे नाही. स्निग्ध फुग्यावर सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा मुलामा दिलेला. उंदरांतील गाठीत ते सोडून वर प्रकाश टाकला असता गाठ तापली. त्यानंतर फुगा मोडतो आणि सोन्याचे बारीक कण सुटे होऊन शरीराबाहेर जाऊ शकतात, हाच त्या रचनेमागील मुख्य विचार होता. आवक ठरविण्यापूर्वी जावकेची वाट आखणे, असे त्याचे वर्णन करता येईल. तेही अद्याप प्रयोगशाळेतील काम आहे. रुग्णालयातील उपचार नव्हे.

या साऱ्या ज्ञानामागे मुक्या प्राण्यांचे जीव खर्ची पडले आहेत, ही गोष्ट जीवदया मानणाऱ्या वाचकास सलल्यावाचून राहणार नाही. त्या दृष्टीनेही काळ बदलतो आहे. भारत सरकारने मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून मानवी पेशींवरील चाचण्या, पट्टिकेवर वाढविलेले सूक्ष्म अवयव आणि संगणकीय पद्धती यांचा पुरावा ग्राह्य धरण्याची वाट मोकळी केली. प्राण्यांवरील प्रयोग त्यामुळे लगेच थांबलेले नाहीत. परंतु त्यांवाचून गत्यंतर नाही, हे गृहीतक आता ढळू लागले आहे.

कार्बनच्या नळीचा सर्वांत जवळचा उपयोग कदाचित देहाबाहेरच होईल. न्यूयॉर्कमधील डॅनियल हेलर आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली नळ्यांचा एक संवेदक बनविला. रक्तद्रवाचा नमुना त्यावर टाकला की नळ्यांतून निघणाऱ्या प्रकाशात बदल होतो, आणि संगणक त्या बदलांवरून बीजांडकोशाच्या कर्करोगाची खूण ओळखतो. हा रोग बहुधा उशिरा लक्षात येतो, म्हणून अशा चाचणीचे मोल मोठे आहे. येथे नळी काचेवर राहते, रुग्णाच्या अंगात जातच नाही. त्यामुळे तिच्या जावकेचा प्रश्नही उद्भवत नाही. दुसरा प्रयत्न हृदयाचा. अमेरिकेतील राइस विद्यापीठात नळ्यांपासून विणलेला मऊ धागा टेक्सास येथील हृदयरोगतज्ज्ञांनी मेंढ्यांच्या हृदयावर शिवून पाहिला. झटक्यानंतर व्रण पडलेल्या भागातून हृदयाची विद्युत्-लहर पुढे जात नाही. या धाग्याने ती पलीकडे पोहोचविल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले. सुटी नळी रक्तात भटकणे आणि दोऱ्यात बांधलेली नळी एका जागी राहणे, यांत पुष्कळ अंतर आहे. तरी ती तेथे वर्षानुवर्षे कशी राहते, हे पाहावेच लागेल.

आजमितीस कार्बन नॅनोट्यूबमध्ये भरलेले, माणसांच्या कर्करोगासाठी मान्यता मिळालेले एकही औषध बाजारात नाही. तेव्हा असे औषध कोणी कॅप्सूलच्या रूपाने देऊ करीत असेल, तर त्याच्याजवळ जे आहे ते नॅनोट्यूब नव्हे, किंवा औषध नव्हे. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातीस मनाई केलेली आहे. अशी जाहिरात हीच मुळात विक्रेत्याविषयीची पहिली साक्ष समजावी.

खरी चाचणी आणि खोटा दावा यांतील भेद ओळखणे अवघड नाही. औषधाची चाचणी असेल तर तिची नोंद भारताच्या चिकित्सा-चाचणी नोंदवहीत असते आणि तिला क्रमांक असतो. ती नोंदवही कोणालाही पाहता येते. रुग्णालयाच्या नैतिकता समितीची मान्यता असते. संमतिपत्रात संभाव्य धोके लिहिलेले असतात आणि केव्हाही माघार घेण्याची मुभा असते. ही तीन कागदपत्रे मागितल्यावर जो गप्प बसतो किंवा रागावतो, त्याच्याशी व्यवहार करू नये. नव्या आडत्याकडून माल घेताना जी सावधगिरी पेढीवर बाळगली जाते, तेवढीच येथेही पुरेशी आहे. आणि शंका आलीच, तर चालू उपचार बंद करण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. पनवेलच्या रहिवाशाला तर ती वाट फार दूरची नाही.

कार्बनच्या नळीचा अनादर करण्याचे कारण नाही. मान्यतेचा शिक्का नाही म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. पवईच्या कापरापासून खारघरच्या सोन्याच्या मुलाम्यापर्यंत ज्यांनी या वाटेवर काम केले, त्यांचा प्रामाणिकपणा हाच, की त्यांनी न मिटलेले खाते मिटले म्हणून दाखविले नाही. रुग्णाच्या नातलगालाही या प्रामाणिकपणाचाच आधार आहे. घरात आजार आल्यावर हाती येणाऱ्या प्रत्येक नव्या औषधाविषयी, ते आत जाऊन काय करील याच्या जोडीने, काम झाल्यावर ते बाहेर कसे जाईल, हा प्रश्न विचारावा. जो वैद्य त्या प्रश्नाचे सरळ उत्तर देतो, किंवा उत्तर अजून मिळालेले नाही असे सरळ सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा.